सरकारी बँकेतल्या क्लर्कचा पगार: मुंबईत अडीच स्टार, तालुक्याला साडेचार

बँकेत कॅश काउंटरवर बसणाऱ्याला पगार किती मिळतो हे मला नात्यातली, शेजारची, आईच्या भिशीतली सगळी मंडळी विचारतात, कारण कुणाची ना कुणाची मुलगी किंवा मुलगा आयबीपीएसची, म्हणजे बँकभरतीच्या परीक्षेची, तयारी करत असतोच. आणि मी दरवेळी आधी उलट विचारते की पोस्टिंग कुठं मिळणार आहे? कारण आकडा सांगून काही उपयोग नाही. तोच आकडा अंधेरीत वीस तारखेला संपतो आणि कुडाळला त्यातून आरडी चालू राहते. तर आज नीट बसून या नोकरीच्या पगाराचाच रिव्ह्यू लिहितेय, फोनचा किंवा हॉटेलचा लिहितात तसा. मी स्वतः सरकारी बँकेत क्लर्क आहे, आधी मुंबईत होते, आता कोकणात एका तालुक्याच्या ब्रँचला आहे, त्यामुळे दोन्हीकडची पगाराची स्लिप आणि दोन्हीकडचा किराणा मला माहीत आहे.

आधी पॅकेज काय आहे ते. सरकारी बँकांमधला क्लर्कचा पगार बँक ठरवत नाही, शहर तर अजिबातच ठरवत नाही. तो ठरतो आयबीए, म्हणजे बँकांची संघटना, आणि युनियन्सच्या करारात, ज्याला आम्ही बायपार्टाइट म्हणतो. सध्याचा बारावा करार ८ मार्च २०२४ ला सही झाला आणि लागू झाला मागच्या तारखेपासून, १ नोव्हेंबर २०२२ पासून. त्यात १७ टक्के वाढ झाली. क्लर्कचं बेसिक, म्हणजे मूळ पगार, सुरू होतं २४,०५० ला आणि स्केल संपतं ६४,४८० ला. स्टेट बँकेत ग्रॅज्युएटला दोन इन्क्रिमेंट आधीच देतात, म्हणून तिथं सुरुवात २६,७३० ला होते. त्यावर २६.५ टक्के स्पेशल अलाउन्स, मग डीए (महागाई भत्ता), घरभाडं, ट्रान्सपोर्ट आणि छोटंमोठं बाकी काय काय. स्टेट बँकेच्या डिसेंबर २०२४ च्या ज्युनियर असोसिएटच्या जाहिरातीतच लिहिलेलं होतं की मुंबईसारख्या महानगरात सुरुवातीला सगळं मिळून महिन्याला साधारण ४६,००० होतील. हा हातात येणारा आकडा नाही बरं का. त्यातून पेन्शन योजनेचे, म्हणजे एनपीएसचे, दहा टक्के जातात, प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे जातात, युनियनची वर्गणी जाते, आणि कर्मचाऱ्यांच्या सोसायटीचं कर्ज काढलं असेल तर त्याचा हप्ता.

(नाव मात्र बदलत राहतं. आयबीपीएसने २०२५ पासून क्लर्कला कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणायला सुरुवात केली. काउंटरच्या पलीकडच्या लोकांसाठी आम्ही कॅशियरच.)

आता मुद्द्यावर येते. या पगारात शहराप्रमाणे काय बदलतं? जवळजवळ काहीच नाही. बेसिक देशभर एक. स्पेशल अलाउन्स एक. डीए पण एकच, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डीए निघतो औद्योगिक कामगारांच्या महागाई निर्देशांकावरून, तो शिमल्याचं लेबर ब्युरो काढतं, देशातल्या ८८ केंद्रांवरचे भाव गोळा करून. मुंबई त्यात आहे, पुणं आहे, नागपूर, सोलापूर आहे. पण आमच्या पगाराला लागतो तो या सगळ्यांचा मिळून आलेला अखिल भारतीय आकडा. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असा दर तिमाहीला डीए बदलतो. म्हणजे महागाईची भरपाई मिळते, वेळेवर मिळते, आणि त्याबद्दल या पॅकेजला मी पूर्ण मार्क देते, खाजगीत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना असलं काही नाही. पण ही भरपाई सरासरी भारताच्या महागाईची आहे. मुंबईत भाडं वाढलं म्हणून मुंबईतल्या कॅशियरचा डीए वेगळा वाढत नाही.

मग राहतं घरभाडं. इथंच सगळी गोची आहे. २०२० च्या अकराव्या करारापासून क्लर्कचा घरभाडे भत्ता सगळीकडे सरसकट १०.२५ टक्के झाला, गाव असो की महानगर. आता हिशोब करा. बेसिक २४,०५० असेल तर भत्ता येतो २,४६५ रुपये. बेसिक २६,७३० असेल तर २,७४० च्या आसपास. एवढ्यात मुंबईत घर सोडा, कॉटबेसिसवर एक पलंगसुद्धा मिळणं मुश्किल आहे. मी अंधेरीच्या ब्रँचला होते तेव्हा डोंबिवलीला राहायचे, दोघी मैत्रिणी मिळून, आणि तिथंही स्टेशनपासून शेअर रिक्षाच्या अंतरावर वन आरके दहा-बारा हजारांच्या खाली कुणी दाखवत नव्हतं, वर डिपॉझिट आणि एजंटचं एक महिन्याचं भाडं वेगळं. डोंबिवलीहून अंधेरी म्हणजे दादरला उतरून वेस्टर्न पकडा नाहीतर घाटकोपरहून मेट्रो, आणि संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय निघता येत नाही म्हणजे परतीची गाडी कुठली ते आधी सांगता येत नाही.

आता शेजारी बघा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना शहरांचे तीन वर्ग आहेत, एक्स, वाय, झेड. मुंबई आणि पुणं एक्समध्ये. नागपूर, नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अमरावती, नांदेड वगैरे वायमध्ये. बाकी सगळं झेड. सातव्या वेतन आयोगात दर २४, १६ आणि ८ टक्के असे सुरू झाले आणि त्यांचा डीए ५० टक्क्यांवर गेल्यावर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, ते ३०, २० आणि १० झाले. आता आमचा १०.२५ त्याच्या शेजारी ठेवा. पोस्टातल्या माणसाला अगदी छोट्या गावात जो दर मिळतो, जवळपास तोच दर बँकेच्या क्लर्कला दादरच्या ब्रँचमध्ये मिळतो. २६,७३० च्या बेसिकवर तीस टक्के म्हणजे ८,०१९ होतात. आमचे होतात २,७४०. महिन्याला पाच हजारांच्या वर फरक. त्यांचं आणि आमचं पगाराचं गणित पूर्ण वेगळं आहे हे मान्य, त्यांना स्पेशल अलाउन्स नाही, आमचा आहे, म्हणून एकूण पगार कुणाचा जास्त हा वाद मी इथं करत नाहीये. मी फक्त म्हणतेय की शहर महाग आहे ही गोष्ट त्यांच्या स्लिपमध्ये दिसते, आमच्या स्लिपमध्ये दिसत नाही.

आणि बँकेतल्या बँकेत पण बघा. ऑफिसरला बँक लीजवर घर देते, आणि त्याच्या भाड्याची मर्यादा शहराप्रमाणे वेगळी असते, मुंबईला जास्त, छोट्या गावाला कमी. म्हणजे मुंबईत घर महाग आहे हे बँकेला माहीत आहे! ते फक्त क्लर्कपर्यंत पोचलेलं नाही. आमच्या ब्रँचला एकाच दिवशी जॉइन झालेले एक पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) आणि एक क्लर्क होते, दोघंही मराठवाड्यातले, दोघंही पंचविशीच्या आतबाहेरचे. पीओ लीजच्या घरात अंधेरीतच राहायला लागला आणि क्लर्क मुलगा बदलापूरहून येजा करायचा. तो मुलगा सकाळी यायचा तेव्हा त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असायचा, आणि तसाच तो कॅबिनमध्ये शिरून कॅश उघडायचा. कामाला एक नंबर होता. प्रोबेशन संपल्या संपल्या बदलीचा अर्ज दिला त्याने.

मुंबईला मी अडीच स्टार देते. त्यातला एक कामाच्या अनुभवाचा. मुंबईच्या काउंटरवर तुम्ही जे शिकता ते कुठंच शिकत नाही, चेक, आरटीजीएस, करंट अकाउंटवाल्या दुकानदारांची कॅश, सगळं.

पुणं तीन. पुण्याला भाडं मुंबईपेक्षा कमी आहे पण हिंजवडी, वाकड, खराडी या पट्ट्यात ब्रँच मिळाली तर आयटीवाल्यांच्या पगारावर तिथली भाडी ठरतात, क्लर्कच्या पगारावर नाही. आणि पुण्यात मुंबईसारखी लोकल नाही, म्हणजे गाडी हवीच, गाडीचा हप्ता आणि पेट्रोल हे मुंबईच्या पासापेक्षा कितीतरी जास्त. पीएमपीने जाणारे आहेत पण कॅशियरला साडेनऊला पोचायचं असतं, तिजोरी उघडायला दुसऱ्या किल्लीवाल्याबरोबर उभं राहायचं असतं, तिथं बस आली नाही हे कारण चालत नाही.

नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर ही माझ्या मते शहरांमध्ये या नोकरीसाठी सगळ्यात चांगली जागा. चार स्टार, कोल्हापूरला थोडे जास्तच. दवाखाना आहे, शाळा आहेत, भाडं झेपतं, नवरा-बायको दोघं कमावते असतील तर फ्लॅटचा विचार करता येतो आणि स्टाफ रेटने होम लोन मिळतं ते खऱ्या अर्थाने वापरता येतं. मुंबईतल्या क्लर्कलाही तेच स्टाफ लोन मिळतं हो, पण या पगारावर जेवढं लोन बसतं तेवढ्यात मुंबईत घर बसत नाही. कागदावरची सवलत तीच, पण तिचा उपयोग कोल्हापुरात होतो.

आता तालुका. इथं मी सध्या आहे म्हणून जास्त सांगू शकते. घरमालक काकू खालीच राहतात, वर दोन खोल्या आणि मोठी गॅलरी, भाडं माझ्या मुंबईतल्या अर्ध्या वाट्यापेक्षाही कमी. ब्रँच चालत पाच मिनिटं. दुपारी घरी जाऊन जेवता येतं. महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे शिल्लक राहतात ही गोष्ट मला मुंबईत कधी माहीतच नव्हती आणि हे मी पगारवाढीमुळे म्हणत नाहीये, बेसिक तेच होतं, उलट बदली झाली त्या महिन्यात स्लिपमधला एक रुपयाही बदलला नाही.

पण तालुका स्वस्त असतो हे पण सरसकट खरं नाही, हे मुद्दाम सांगते. कोकणात भाजी घाटावरून येते, पावसाळ्यात घाट बंद पडला की कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन परत ठेवावी लागते. मोठ्या दवाखान्यासाठी रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर, आणि एक फेरी म्हणजे गाडीभाडं, एक दिवसाची रजा आणि तपासण्या. आईवडील दुसऱ्या जिल्ह्यात असतील तर महिन्यातून दोनदा गावाला जाण्याचा खर्च धरा. मुलांना चांगल्या कॉलेजला घालायचं म्हटलं की शहरात दुसरं बिऱ्हाड, मग तालुक्याची सगळी बचत तिकडेच जाते. गडचिरोलीच्या आतल्या भागात असलेल्या माझ्या बॅचमेटला भाडं नगण्य आहे, पण घर सोलापूरकडे, त्यामुळे सुट्टीत जायचं म्हणजे आधी नागपूर गाठा आणि मग रात्रभराचा प्रवास. त्याला विचारलं तर तो साडेचार नाही, तीन देईल.

अलिबाग, महाबळेश्वर, लोणावळा ही तर नावालाच छोटी गावं. तिथं घरमालकाला पर्यटकाकडून दोन रात्रीत जे मिळतं ते तुमच्याकडून महिन्यात मिळत नाही, मग तो तुम्हाला घर कशाला देईल? गोव्यातही तेच चाललंय, पणजी, पर्वरीच्या बाजूला भाड्याने घर शोधणाऱ्या आमच्या लोकांना अकरा महिन्यांचा करार मिळता मिळत नाही, ऑक्टोबर आला की रिकामं करा म्हणतात. या जागांना भत्त्यात काही वेगळं धरलेलं नाही.

आणि काम. लोकांना वाटतं तालुक्याला आराम. अहो, लाडकी बहीणचे पैसे २०२४ च्या ऑगस्टमध्ये यायला लागले तेव्हा आमच्या ब्रँचबाहेर सकाळी आठपासून बायका बसलेल्या असायच्या. कुणाचं आधार लिंक नाही, कुणाचं खातं बंद पडलेलं, कुणाला फक्त पासबुकावर छापून बघायचंय की आले का. एक आजी पंधराशे काढायला आल्या, अंगठा घेतला, पैसे मोजून दिले तर म्हणाल्या, "ताई, यातले पाचशे परत टाक गो, नातीच्या नावावर." परत स्लिप, परत एंट्री. त्यांच्यामागे चाळीस जणी. मुंबईत एक दुकानदार पाचशेच्या नोटांची वीस पाकिटं आणतो, मशिनवर टाकली की दहा लाख झाले. इथं दहा लाख व्हायला सकाळपासून संध्याकाळपर्यंत दहा-वीस-पन्नासच्या, घडी घालून कमरेला खोचलेल्या ओल्या नोटा सरळ करत बसावं लागतं, त्या मशिन घेतही नाही, हाताने मोजायच्या. आणि संध्याकाळी कॅश शॉर्ट आली तर ती कॅशियरने भरायची, हा नियम सगळीकडे सारखाच. पाचशेची एक नोट जास्त गेली तर मुंबईतही पाचशे आणि तालुक्यातही पाचशे. ही जोखीम पगारात पुरेशी धरलेली नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

खाजगी बँकांचं थोडक्यात सांगते कारण मला तिथला स्वतःचा अनुभव नाही, मैत्रिणींकडून कळलेलं आहे. मोठ्या नव्या खाजगी बँका या करारात नाहीत, तिथं सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) असतो आणि तो शहर बघून, तुम्ही आधी कुठं होतात ते बघून, घासाघीस करून ठरतो. म्हणजे तिथं मुंबईला जास्त मिळू शकतं. पण तिथं टेलरला, म्हणजे कॅशियरला, काउंटरवर बसून इन्शुरन्स आणि कार्डाचं टार्गेट पण असतं, आणि छोट्या शहरात तोच टेलर बराच कमी पैशात मिळतो म्हणून कमीच देतात. सहकारी बँका आणि पतसंस्था यांचं प्रत्येकाचं वेगळं, मोठ्या शेड्युल्ड सहकारी बँकेत बरं आहे, गावातल्या पतसंस्थेत काउंटरवर बसणाऱ्या मुलीचा पगार ऐकला तर वाईट वाटतं. तेव्हा सरकारी बँकेचा पगार शहर बघत नाही याचा तालुक्यातल्या माणसाला केवढा आधार आहे हे पण लक्षात घ्या. गावात राहतोस म्हणून तुला कमी, असं इथं कुणी म्हणू शकत नाही. बेसिक सगळीकडे एक हे तत्त्व मला मनापासून पटतं आणि ते जाऊ नये. अमेरिकेत टेलरला तासावर पैसे मिळतात आणि किमान मजुरी राज्याप्रमाणे बदलते, केंद्राचा दर २००९ पासून ७.२५ डॉलरवरच अडकलाय आणि न्यू जर्सीत २०२५ मध्ये तो १५.४९ होता. तसं टोक आपल्याकडे नको. बेसिक एकच ठेवा, फक्त घरभाडं शहराप्रमाणे द्या, एवढंच म्हणणं.

आता जे फॉर्म भरणार आहेत त्यांच्यासाठी. क्लर्कची भरती राज्याप्रमाणे असते, एकाच राज्याचा फॉर्म भरता येतो, तिथली भाषा यावी लागते. महाराष्ट्र भरला तर मराठीची अडचण नाही, दहावी-बारावीला मराठी असेल तर भाषेच्या परीक्षेतूनही बहुतेक सुटका होते. पण महाराष्ट्र म्हणजे मुंबईही आली आणि सिरोंचाही आलं. नव्या मुलांना मुंबई, ठाणे, पालघर पट्ट्यात टाकायचं प्रमाण भरपूर आहे कारण तिथून सगळे बदली मागून निघून जातात आणि जागा रिकाम्या राहतात. का निघून जातात ते वर लिहिलंच आहे. त्यामुळे मुंबई मिळेल असं धरूनच बजेट करा, पहिल्या पगाराआधी डिपॉझिटचे तीस-चाळीस हजार हातात ठेवा, पहिला पगार कधीकधी पूर्ण महिन्याचा नसतो. एकट्याने घर घेऊ नका, ब्रँचमधल्या किंवा बॅचमधल्या दोघा-तिघांनी मिळून घ्या. कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल यातलं जे ब्रँचच्या लाइनवर असेल तेच घ्या, दोनेक हजार वाचतील म्हणून लाइन बदलायला लागेल असं घर घेतलंत तर पाच-सहा महिन्यांत तब्येत बोलायला लागते. आणि ज्यांचं आईवडिलांचं घर मुंबईत आहे त्यांच्यासाठी मात्र मुंबई पोस्टिंग चार स्टार आहे, डोळे मिटून घ्या, कारण या पगाराला खाणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे भाडं.

बदलीसाठी अर्ज जॉइन झाल्यावर जेवढा लवकर देता येईल तेवढा लवकर द्या, रांग सीनियॉरिटीने पुढं सरकते. नवरा-बायको एकत्र, आजारी आईवडील असं कारण असेल तर कागद जोडून द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

सध्याचा करार ३१ ऑक्टोबर २०२७ ला संपतोय. पुढच्या कराराच्या मागण्यांची यादी युनियन त्याच्या बऱ्याच आधी करायला घेते आणि ब्रँचमधून लेखी सूचना मागवते, तेव्हा बहुतेक जण सह्या करून मोकळे होतात. मी आमच्या युनिटला लिहून दिलंय: क्लर्क आणि शिपाई दोघांसाठी घरभाडं शहराच्या वर्गाप्रमाणे, एक्स शहरांत निदान वीस टक्के, आणि पर्यटनाच्या गावांसाठी वेगळा विचार. तुम्हीही तुमच्या युनिटला द्या, आणि मुंबईवाल्यांनी सोबत आपल्या भाड्याच्या कराराची झेरॉक्स लावा.